मांडीखालची वही

गेल्या पावसाळ्यापासून नानांना छापील अक्षर दिसेनासं झालं. डोळ्याच्या पडद्याचा त्रास. घरात फिरतात, जिना उतरतात, चहाचा कप बरोबर उचलतात, पण पेपर हातात घेतला की नुसत्या काळ्या रेघा. आणि हा माणूस म्हणजे ज्यानं जवळजवळ चाळीस वर्षं इथे ग्वाल्हेरात अखबारात नोकरी केली, रिपोर्टर म्हणून, हिंदीत लिहायचं आणि घरी येऊन मराठीत चिडायचं. म्हणून माझी शाळा दीडला सुटली की मी जेवते आणि तीन वाजता त्यांच्या खोलीत जाऊन बसते. शहराच्या लश्कर भागातलं आमचं घर जुनं, वरच्या मजल्याच्या खिडकीतून खालची सगळी गल्ली दिसते, थंडीत गजकवाला ओरडत जातो तेवढा वेळ थांबायचं आणि मग पुढे वाचायचं.

पेपर पंधरा मिनिटांत संपतो. नुसती हेडिंगं ऐकतात आणि "पुढे, पुढे" करतात. खरं वाचन त्यानंतर. मागच्या दिवाळीत मी सहज म्हणून एक हेरकथा आणली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बर्लिनमधली, नायक परदेशी वार्ताहर आणि हळूहळू तो गुप्तहेर होत जातो अशी. नानांनी ती अशी काही ऐकली की मी थांबले तरी त्यांची मान तशीच पुढे झुकलेली. संपल्यावर म्हणाले, अशीच अजून आण. तशीच म्हणजे युद्धवार्ताहराचीच, दुसरी नको. आता सातवी चालू आहे. आणि वाचता वाचता मलाच या कथांचा असा नाद लागलाय की शाळेत दहावीला युरोप शिकवताना माझं अर्धं लक्ष डान्झिग आणि लिस्बनच्या हॉटेलांमध्ये असतं.

नेहमीच्या हेरकथेतला हेर मुळातच हेर असतो, ट्रेनिंग घेतलेला, पिस्तूल चालवणारा, दुसऱ्याच नावाचा पासपोर्ट बाळगणारा. त्याच्याशी आपलं काय नातं? पण वार्ताहर हेर होतो तेव्हा त्याचं नाव खरं असतं, पासपोर्ट खरा, नोकरी खरी, संपादकाची तार खरी आणि डेडलाइनसुद्धा खरी. रात्री हॉटेलच्या खोलीत बसून तो टाइपरायटरवर जे बडवतो तेही बहुतेक सगळं खरंच असतं. खोटं एवढंच, की त्याच मजकुराचा थोडा जास्तीचा भाग आणखी एका पत्त्यावर जातो. त्याला लपायला जागा शोधावी लागत नाही. प्रश्न विचारणं हाच ज्याचा धंदा आहे तो प्रश्न विचारतोय म्हणून कोण संशय घेणार? सीमेवर प्रेसचं कार्ड दाखवायचं, आघाडीवर जायचा परवाना खिशात, जनरलशी गप्पा, वकिलातीत दारू, आणि एवढं सगळं करून पगार पेपरचा. लेखकांना हा नायक इतका का आवडतो ते दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकातच समजलं मला.

मग मी खऱ्या माणसांचं वाचायला लागले आणि तिथे एक गोष्ट बघून थबकलेच. खऱ्या इतिहासात क्रम बहुतेक उलटा आहे.

किम फिल्बी हा इंग्रज घ्या. स्पेनच्या यादवी युद्धात तो लंडनच्या टाइम्सचा वार्ताहर होता, १९३७ पासून, आणि बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूनं बातम्या पाठवत होता. पण सोव्हिएतांनी त्याला १९३४ मध्येच जोडून घेतलं होतं. म्हणजे आधी एजंट, मग वार्ताहर. त्यानं स्वतःच नंतर लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. कोर्दोबात त्याला पकडून नेलं, झडती सुरू झाली आणि सांकेतिक लिपीचा कागद त्याच्या पँटच्या खिशात. त्यानं पाकीट काढून टेबलावर असं जोरात सरकवलं की ते पार पलीकडे गेलं, शिपाई पाकिटाकडे झेपावले आणि तेवढ्यात यानं कागद तोंडात टाकून गिळला. मी हे वाचलं तेव्हा नाना हसले नाहीत, म्हणाले कागद पातळ असणार. पुढे १९३७ च्या ३१ डिसेंबरला तेरुएलच्या आघाडीजवळ वार्ताहरांच्या गाडीवर तोफगोळा पडला. गाडीतले बाकीचे तिघं पत्रकार त्यात गेले, फिल्बीच्या डोक्याला जखम झाली पण तो वाचला, आणि मार्च १९३८ मध्ये खुद्द फ्रँकोनं त्याच्या छातीवर पदक लावलं. ज्याच्यावर नजर ठेवायला पाठवलं त्याच्याच हातून पदक! त्या तीन मेलेल्या पत्रकारांचा मला विसर पडत नाही, ते बातमीसाठीच गेले होते आणि त्यांच्या मधोमध बसलेला माणूस कुणासाठी बघत होता हे त्यांना कधी कळलंच नाही.

रिखार्ड झोर्गचंही तसंच. जर्मन माणूस, पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, १९३३ मध्ये टोकियोत आला तो फ्रांकफुर्टर त्साइटुंगचा वार्ताहर म्हणून, आणि काम सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्याचं. लेख चांगले लिहायचा, उगाच नाटक म्हणून नाही, जपानचा खरोखर अभ्यास होता. जर्मन राजदूत ओट त्याला घरच्यासारखा मानायचा, कागद दाखवायचा, सल्ला विचारायचा. संदेश कोड करायला हे लोक जे पुस्तक वापरायचे ते काय होतं, तर जर्मनीचं १९३५ चं सांख्यिकी वार्षिक! कुठल्याही वार्ताहराच्या टेबलावर शोभेल असं पुस्तक, झडतीत सापडलं तरी कोण काय म्हणणार. १९३८ मध्ये मोटारसायकलचा मोठा अपघात झाला, चेहरा फुटला, तरी खिशातले कागद आपल्या रेडिओवाल्याच्या, क्लाउझेनच्या, हातात पडेपर्यंत यानं शुद्ध सोडली नाही. जर्मनी रशियावर चाल करून येणार असं त्यानं १९४१ मध्ये कळवलं, स्टालिननं मानलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पकडला गेला, ७ नोव्हेंबर १९४४ ला सुगामो तुरुंगात फाशी. त्याच दिवशी त्याच तुरुंगात होत्सुमी ओझाकी यालाही फाशी दिलं, तो आधी असाही शिंबुन या जपानी पेपरचा पत्रकार होता. झोर्गबद्दल सगळे बोलतात, ओझाकीबद्दल कमी, पण मला ओझाकीच जास्त आठवतो, कारण तो आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, आपल्याच ओळखीच्या लोकांना प्रश्न विचारत होता.

तर फिल्बी आणि झोर्ग आधी हेर आणि वरून वार्ताहर. कादंबऱ्यांना मात्र नायक आधी वार्ताहरच हवा असतो. का, ते माझ्या डोक्यात हळूहळू आलं. कादंबरीला ती एक संध्याकाळ हवी असते. जिथे कुणीतरी सभ्य माणूस समोर येऊन बसतो, तुमच्या लेखाचं कौतुक करतो, आणि फार थोडं मागतो. सातही पुस्तकांत ती संध्याकाळ आहे. कुणीच धमकी देत नाही. पहिली मागणी नेहमी इतकी छोटी असते की नाही म्हणायला लाज वाटावी.

क्लेअर हॉलिंगवर्थ हे नाव मी नानांना मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. ही हेर नव्हे, अस्सल वार्ताहर. ऑगस्ट १९३९, वय सत्तावीस, डेली टेलिग्राफची नोकरी लागून आठवडाही झाला नव्हता. पोलंडमधल्या कातोवित्सेच्या ब्रिटिश कॉन्सुलची, म्हणजे तिथल्या सरकारी प्रतिनिधीची, गाडी तिनं मागून घेतली, झेंडा लावलेली, म्हणून जर्मन हद्दीत जाता आलं. परत येताना रस्त्याच्या कडेला तरटाचे मोठे मोठे पडदे लावलेले, वाऱ्यानं एक पडदा उडाला आणि खाली दरीत रणगाडेच रणगाडे. २९ ऑगस्टच्या पेपरात बातमी आली. तीन दिवसांनी, १ सप्टेंबरच्या पहाटे, वॉर्सातल्या वकिलातीला फोनवर तिचं खरं वाटेना तर तिनं रिसीव्हर खिडकीबाहेर धरला, ऐका म्हणाली. पण माझं लक्ष ज्या बारीक गोष्टीवर अडलं ती वेगळीच. रणगाडे बघून आल्यावर तिनं आधी त्या कॉन्सुलला सांगितलं, आणि त्यानं लंडनला गुप्त संदेश पाठवला. मग तिनं पेपरला फोन केला. तीच बातमी, दोन पत्ते. तिनं गाडी त्याचीच नेली होती, सांगणं साहजिक होतं, आणि तिनं लपवून काहीच केलं नाही, छापलं तेच सांगितलं. तरी ती रेघ किती बारीक आहे ते मला तिथे दिसलं. आणि हीच बाई १९६३ मध्ये बैरुतला होती, तिथे फिल्बीही वार्ताहर म्हणूनच राहत होता, तो जानेवारीत एका रात्री गायब झाला तेव्हा तो सोव्हिएत बोटीनं गेला असणार हे हिनंच शोधून काढलं. तिच्या तेव्हाच्या पेपरनं, गार्डियननं, ती बातमी कितीतरी आठवडे दाबून ठेवली. अस्सल वार्ताहरानं नकली वार्ताहराला पकडावं, याहून चांगला शेवट कुठल्या कादंबरीत वाचलाय मी? नाही वाचला.

इथे मला आपल्या शब्दांबद्दल लिहायचंच आहे, कारण हे मी कुठे वाचलं नाही, नानांना वाचून दाखवता दाखवताच सुचलं. आपल्याकडे बातमी हा शब्द मुळात पेपरचा नाहीच. जुन्या कागदपत्रांत बातमी काढणं, बातमी राखणं म्हणजे सरळ शत्रूची खबर काढणं. बातमीदार म्हणजे बहिर्जी नाईकांच्या जातकुळीतला माणूस. महाराजांच्या अष्टप्रधानांत वाकनीस असायचे, रोजची हकीगत लिहून ठेवायची आणि बातमीही राखायची, दोन्ही एकाच माणसाकडे. पुढे छापखाने आले, वर्तमानपत्रं आली आणि तोच बातमीदार टोपी बदलून रिपोर्टर झाला. इंग्रजीला दोन माणसांसाठी दोन शब्द लागतात, आपण कित्येक वर्षं एकावर भागवलं. हिंदीतली गंमत तर आमच्या ग्वाल्हेरवाल्यांना रोज जिभेवर असते. खबर, त्याचं अनेकवचन अखबार, आणि खबर देणारा तो मुखबिर. एकाच धातूचे तिघं. नाना अखबारात होते, आणि चंबळच्या बीहडात, त्या दऱ्याखोऱ्यांत, मुखबिर हा शब्द उच्चारला की माणसाचा जीव जायचा, नुसत्या संशयावर जायचा.

आमच्या ग्वाल्हेरला युद्धाच्या बातमीचं तसं नवल नाही. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई इथेच पडल्या, फूलबागेतल्या समाधीवरून मी रोज स्कूटर घेऊन जाते. त्या बंडाची हकीगत लंडनच्या टाइम्सला लिहायला रसेल नावाचा वार्ताहर मुद्दाम हिंदुस्थानात आला होता, तोच रसेल ज्यानं आधी क्रिमियाच्या युद्धातून बातम्या पाठवल्या. आणि त्याच वेळी आपला एक माणूस, वरसईचे विष्णुभट गोडसे, कुणीही न पाठवता युद्धाच्या मधोमध सापडले होते. निघाले होते ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाला, दक्षिणेच्या आशेनं, घरावर कर्ज होतं. झाशीच्या वेढ्यात अडकले, शहर पडताना आत होते. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीसाहेब भेटल्या, तहानलेल्या, हे पाणी काढून द्यायला पुढे झाले तर त्या म्हणाल्या तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढून घेते. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी माझा आवाज जड होतो. ते सगळं त्यांनी लिहिलं, पण छापलं गेलं १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात. इतकी वर्षं त्यांनी ते डोक्यात आणि मग कागदावर नुसतं सांभाळलं. जिवंतपणी छापू दिलं नाही.

सांभाळणं. नानांच्या तोंडी हा शब्द मी या जानेवारीत ऐकला.

सातव्या पुस्तकातली ती संध्याकाळ आली होती. वार्ताहर एका कॅफेत बसलाय, समोर सभ्य माणूस, कॉफी, सीमेवरच्या कारखान्याबद्दल एक छोटासा प्रश्न. मी पान उलटायच्या आत नाना म्हणाले, हा आता हो म्हणेल.

कशावरून, मी विचारलं.

"त्याची वही टेबलावर आहे गं. बंद नाही केली त्यानं."

मी मागे जाऊन बघितलं. होती, एका ओळीत होती, मी वाचून विसरलेही होते.

मग त्यांनी सांगितलं. १९८१ चा हिवाळा, नाना अडतीस वर्षांचे. त्याआधी १९७२ मध्ये जौराला जयप्रकाश नारायणांसमोर मोहरसिंग-माधोसिंग या चंबळच्या डाकूंनी हत्यारं टाकली तेव्हा ते तिथे हजर होते, बागी, म्हणजे डाकू, लोकांवर लिहिणारा पोरगा म्हणून थोडं नाव झालेलं. या वेळी भिंडच्या बाजूला आठ दिवस राहून, एका टोळीच्या माणसांना भेटून आले. तीन भागांत छापून आलं. कुठून नदी ओलांडली, कुणी नेलं, यातलं काही त्यात नव्हतं. तिसरा भाग आला त्या रात्री एक सरकारी अधिकारी घरी आले, खातं कुठलं ते नाना सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. जीप लांब कोपऱ्यावर उभी करून गल्लीतून पायी आले. काकूनं पोहे केले. त्यांनी पोहे आवडीनं खाल्ले, लेखातली वाक्यं पाठ म्हणून दाखवली, मुलांच्या परीक्षेचं विचारलं. आणि मग म्हणाले, "नानासाहब, जो छपा वो तो हमने पढ़ लिया. जो नहीं छपा, बस उतना." नाना गप्प. तर म्हणाले, "नाम मत बताइए किसी का. सिर्फ़ घाट."

फक्त घाट. एक शब्द.

वही लाल कापडी पुठ्ठ्याची, रोकडवही असते ना तसली लांबट. दारावर थाप पडली तेव्हा ती टेबलावर होती, नानांनी उचलली आणि बसताना मांडीखाली घातली. पाऊण तास ते तिच्यावर बसून होते. पुठ्ठ्याची कड इतकी रुतली की उठल्यावर पायाला मुंग्या, काकूनं विचारलं लंगडताय का.

मला वाटलं होतं नाना म्हणतील की माझ्या मनात कधी आलंच नाही. तसं नाही म्हणाले. म्हणाले, जिभेच्या टोकावर होतं. तो माणूस वाईट नव्हता, उलट चांगला होता, आणि टोळीतल्या लोकांनी माणसं मारली होती, त्यांच्याबद्दल मला काडीची दया नव्हती. पण त्या घाटावर नाव चालवणारा एकच होता. घाटाचं नाव गेलं म्हणजे त्याचंच नाव गेलं. मला त्यानं पलीकडे नेलं ते मी अखबारवाला म्हणून, मुखबिर म्हणून नाही, आणि रात्री त्याच्या घरी मी भाकरी खाल्ली होती, तीन पोरं होती अंगणात. अधिकारी गेले तसं नाना स्वयंपाकघरात गेले, वहीतलं ते पान फाडलं आणि सिगडीत घातलं. काकू बघत होती, काही बोलली नाही.

मी म्हटलं बरं केलंत.

नाना म्हणाले, थांब. पुढच्या होळीआधी त्याच टोळीनं एका गावात दोघांना मारलं. बातमी मीच लिहिली. नावं, वयं, सगळं. एक एकोणीस वर्षांचा होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही आणि नंतरही कितीतरी दिवस वाटायचं की तो एक शब्द मी...

तिथे ते थांबले. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, चालू होत नव्हती, आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसलो.

नंतर मी त्यांना विचारलं, या पुस्तकातल्यानं काय करावं मग, समोर नाझी आहेत, कारखान्यात रणगाडे बनतायत. मला तर वाचताना वाटतं की सांगून टाक बाबा, सांग एकदाचं. नानांनी फार वेळ विचार केला नाही. म्हणाले, तिथे मीही सांगितलं असतं. पण मग त्यानं दुसऱ्या दिवशी अखबाराची नोकरी सोडायला हवी. नोकरीही ठेवायची आणि तेही करायचं म्हणजे उद्या जो खरा अखबारवाला नदीवर जाईल त्याला कुणी नावेत घेणार नाही.

हे मी तेव्हापासून घेऊन बसले आहे. अमेरिकेत चौकशा झाल्या, किती पत्रकार गुप्तचर खात्याच्या कामात होते ते बाहेर यायला लागलं आणि १९७६ मध्ये सीआयएला जाहीर करावं लागलं की यापुढे अमेरिकी वृत्तसंस्थांच्या अधिकृत वार्ताहरांना पैसे देऊन कामाला लावणार नाही. म्हणजे तोवर लावत होते. फिल्बीनं, झोर्गनं जे केलं त्याची किंमत त्यांनी एकट्यांनी नाही दिली, नंतर कुठल्याही देशात वही घेऊन उभा राहिलेला प्रत्येक माणूस ती देतोय, त्याला पकडतात आणि पहिला आरोप हाच ठेवतात की तू हेर. कादंबऱ्यांत हा भाग येत नाही. नायक शेवटच्या ट्रेननं सुटतो, आणि ज्याच्या नावेतून तो आला तो नाववाला पान उलटलं की पुन्हा दिसत नाही. मी आता प्रत्येक पुस्तकात त्याला शोधते. हॉटेलचा वेटर, घरमालकीण, सीमेवरचा दूधवाला, कुणीतरी असतोच.

सव्वाचार झाले होते. काकू चहा ठेवून गेली. मी पुस्तकात बोट घालून बसले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नाना, आता तर चाळीस वर्षं झाली, तो नाववालाही नसेल. कुठला घाट होता?

नानांनी कप बशीत ठेवला.

"तो हो म्हणाला का ते बघ आधी," म्हणाले. "पुढचं वाच."